हरल्यावर काय करता?

सकाळी उठल्याबरोबर ज्या शिंका सुरू व्हायच्या त्या ऑफिसचं काम सुरू होईपर्यंत थांबायच्या नाहीत, म्हणून मी खालच्या डॉक्टरांकडे गेले. नारायण पेठेत मी नुकतीच भाड्याने राहायला आले होते आणि आमच्या जुन्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना होता. त्यांना निवडण्यामागे माझी एवढीच अक्कल. डॉक्टर सत्तरीला टेकलेले, उंच, काटकुळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी जीभ बघितली नाही की छातीला नळी लावली नाही. गार सोसतं की गरम, कुठल्या कुशीवर झोपता, रडू आल्यावर कुणी जवळ असलेलं चालतं का, असले प्रश्न विचारत ते कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले,

“हरल्यावर काय करता?”

“कशात?”

“कशातही. पत्त्यांत, वादात, नवऱ्याशी.”

“नवरा नाहीये. आणि हरल्यावर मी चिडते.”

“चिडतात सगळेच. चिडून घरी जाता, की परत डाव मांडता?”

मी जरा विचार केला. “घरी जाते. घरी जाऊन चिडते.”

ते पहिल्यांदाच हसले. “मग तुमचं काही अवघड नाही,” म्हणाले आणि साखरेच्या गोळ्यांची बाटली माझ्या हातावर ठेवली. शिंका पुढे दोनेक महिन्यांनी गेल्या. गोळ्यांनी गेल्या की हवा बदलल्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला लहानपणापासून खोड आहे, आणि ते नाक आता मोकळं झालं होतं.

हळूहळू त्यांच्या तऱ्हा दिसायला लागल्या. डॉक्टर कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा करून बघत नसत. रिक्षावाल्याला एकदा विचारायचं. तो नाही म्हणाला की दुसऱ्याला हात करायचा नाही, सरळ चालायला लागायचं, मग जायचं कात्रजला का असेना. फोन एकदा लावायचा. पलीकडून उचलला नाही की तो माणूस आपणहून करील तेव्हा. काडी पेटली नाही तर त्या वेळचा चहा रद्द. कोपऱ्यावरचा किराणावाला एकदा ‘साखर संपली’ म्हणाला, तर त्यानंतर कित्येक दिवस हे गुळाचा चहा पीत होते, कारण साखर आली का हे विचारायला परत जाणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आणि हे कोण, तर ज्यांचा दवाखाना साखरेच्या गोळ्यांनी भरलेला होता ते!

दवाखान्याचं कुलूप तर रोजचं नाटक होतं. पहिल्या झटक्यात किल्ली फिरली तर ठीक. नाही फिरली की डॉक्टर ती कुलपातच ठेवून पायरीवर बसत आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला म्हणत, “जरा फिरवता का?” मी कितीदा तरी फिरवलीय. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ते कुलूप मुकाट्याने उघडायचं.

“अहो, आपणच परत एकदा फिरवायची की,” मी एकदा म्हणाले.

“तुम्ही फिरवा. तुमची पहिलीच वेळ आहे.”

पेठेतले लोक याला शिष्टपणा म्हणत. मला ते पटत नव्हतं. शिष्ट माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मान वर केल्याचा भाव असतो. यांच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसायची. तापलेल्या तव्याजवळून हात मागे घ्यावा, तसा हा माणूस प्रत्येक गोष्टीतून वेळेवर हात मागे घेत होता. कशाला एवढं भ्यायचं, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

कळलं ते छपरामुळे. पावसाळ्यात माझ्या खोलीत पाणी ठिबकायला लागलं आणि मी गाऱ्हाणं सांगायला खाली गेले.

“मोरीवरच्या कोपऱ्यातच ना?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“माझंच होतं ते घर. एका पावसाळ्यात हरलो.” त्यांनी औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं. “तेव्हाही गळायचंच. घेणाऱ्याला मी सांगितलं नव्हतं.”

मग त्या दुपारी त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना असं सांगितलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं असावं. पुण्यात घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात लागतात, आणि लागतात दुपारच्या. दवाखाना एक ते चार बंद. पेठ झोपली की डॉक्टर सायकलवर टांग मारून कॅम्पात रेसकोर्सवर. घोड्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. “मी घोड्यावर कधीच लावले नाहीत,” ते म्हणाले, “मी पद्धतीवर लावायचो.” पद्धत अशी, की ज्या घोड्यावर एकास एक भाव चालू असेल त्याच्यावर शंभर लावायचे. गेले तर पुढच्या शर्यतीत दोनशे. तेही गेले तर चारशे. मग आठशे. एकदा, फक्त एकदा जिंकलं की मागचं सगळं वसूल, आणि वर शंभर सुटे.

“आणि माणूस कधी ना कधी तरी जिंकतोच की नाही?” त्यांनी मला विचारलं.

“जिंकतोच,” मी म्हणाले.

“बघा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हालाही पटलं. पद्धत उत्तम होती हो. घर लहान पडलं.”

हे सांगणारा माणूस आयुष्यभर एका थेंबाचे शंभर भाग कर, त्यातल्या एकाचे परत शंभर कर, असं औषध विरळ करत बसलेला. त्यांच्या शास्त्रात औषध जितकं पातळ तितका त्याचा मान मोठा. आणि हाच माणूस दुपारी कॅम्पात जाऊन दुप्पट, तिप्पट, चौपट. मी हे बोलून दाखवलं तेव्हा म्हणाले, “तिप्पट नाही. तिप्पट पद्धतीत नसतं.”

मी विमा कंपनीत काम करते, तेही बरंचसं घरूनच, त्यामुळे या पद्धतीतली गोम मला रात्री अंथरुणात पडल्यावर कळली. रोज थोडंथोडं जिंकता येतं आणि कित्येक महिने जिंकता येतं. म्हणून तर ती खरी वाटते. हरण्याची पाळी क्वचित येते, पण आली की आधीच्या सगळ्या दिवसांचं एकदम घेऊन जाते. आमच्या धंद्यातही क्वचित घडणाऱ्या गोष्टींचीच भीती असते, फक्त आम्ही तिच्यासाठी आधी पैसे बाजूला ठेवतो. डॉक्टरांनी ठेवले नव्हते. दुसऱ्यांदा काही करायचं नाही हा नियम त्यानंतरचा. दुसरी वेळ म्हणजे दुप्पट, हे त्यांच्या हाडात शिरलं होतं.

एक ते चार ही वेळ त्यांना तेव्हापासून जड जायची. पेठ झोपायची आणि यांना नेमकी जाग असायची. दार लोटून घ्यायचे, जुना टीव्ही लावायचे आणि जगात जिथे कुठे क्रिकेट चालू असेल ते बघत बसायचे, हात मांड्यांखाली दाबून. मी माझा डबा घेऊन खाली जायला लागले. दोघांचं जेवण व्हायचं आणि माझ्या चौकशाही व्हायच्या.

अशाच एका दुपारी ती बाई आली. तिशीची असेल. कात्रजच्या पलीकडच्या, शहरात आता आता आलेल्या गावातली. झोप येत नाही म्हणून औषध हवं होतं. डॉक्टरांनी कुशीचा प्रश्न विचारला, गारगरम विचारलं, मग ठरलेला प्रश्न विचारला.

“मी कशाला हरतीय?” ती म्हणाली. “मी खेळतच न्हाई. झोप माझी गेलीय डॉक्टर, पण रोग माझा न्हाई. ह्यांचा हाय.”

तिच्या सासऱ्यांनी जमीन बिल्डरला दिली, त्यातून घर झालं आणि पाण्याचे दोन टँकर आले. सोसायट्यांना पाणी पोचवायचा धंदा, उन्हाळ्यात तर फुरसत नाही. नवरा मेहनती, दारू नाही, काही नाही. पण मोबाइलवर क्रिकेटच्या पैजा लावायचा नाद लागला होता. एक टँकर त्यात गेला होता. दुसरा विकायची बोलणी चालली होती, गेलेलं परत आणायला.

“दुसरा गेला की आमच्या हाताला कामच ऱ्हात न्हाई ओ,” ती म्हणाली. “आन् ते म्हंत्यात, माझी पद्धत हाय.”

डॉक्टरांचे हात मांड्यांखालून बाहेर आले. “त्याला पाठवा,” ते म्हणाले. “दुपारी एक वाजता. बाकी कधी नको.”

टँकरवाला आला तो बायकोला बरं वाटावं म्हणून. धिप्पाड, हसरा, कपाळावर बुक्का. खुर्चीत मावेना. डॉक्टरांनी उपदेश केला नाही. त्यांनी फक्त पद्धत समजावून मागितली, आणि त्यानेही मोठ्या हौसेने सांगितली. शंभर, दोनशे, चारशे. फरक इतकाच, की हा षटकाषटकावर लावायचा, घोड्यासारखी अर्धा अर्धा तास वाट बघायची भानगड नाही.

“आणि येतच नाही असं झालं तर?”

“येत कसं न्हाई? कवा ना कवा येनारच की. किती येळ न्हाई येनार?”

“हे वाक्य मला पाठ आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि कपाटातून साखरेच्या गोळ्यांची एक मोठी भरलेली बरणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “ही तुझी. तुझा टँकर समज. मी दुकान. षटकात जेवढ्या धावा होतील त्यांची एकी की बेकी, म्हणजे विषम की सम, ते आधी सांगायचं. एका गोळीपासून सुरुवात. हरलास की दुप्पट, तुझीच पद्धत. मेडन ओव्हर, म्हणजे बिनधावेचं षटक, गेली तर ती दुकानाची, तू काहीही म्हटलेलं असो.”

“हे का?”

“तू जिथे लावतोस तिथेही असं काहीतरी असतंच. वाचून बघ.”

मग त्यांनी पैज सांगितली. रोज एक ते चार इथे बसायचं. फोन रिकाम्या बरणीत, झाकण लावून. इथला खेळ संपेपर्यंत बाहेर एक रुपया लावायचा नाही. बरणी रिकामी झाली तर मोबाइलवरचं सगळं कायमचं बंद. आणि गणपती बसेपर्यंत बरणी टिकली, तर डॉक्टर स्वतः त्याच्या बायकोला सांगतील, की पद्धत बरोबर आहे, विका टँकर.

पैज म्हटल्यावर टँकरवाल्याचे डोळे चमकले. त्याने तिथल्या तिथे हात पुढे केला.

तो गेल्यावर मी डॉक्टरांवर उखडले. “आपण काय बोलून बसलात? तो जिंकला तर?”

“जिंकेल की. रोज जिंकेल. पद्धत तशीच आहे.”

“मग?”

“हरायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला इथे बसवायचा. दुसरं औषध मला येत नाही.”

तो रोज जिंकू लागला. कधी कुठल्या दोन राज्यांचा सामना, कधी बायकांचा, काहीच नसलं तर जुन्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण. टँकर गल्लीच्या तोंडाशी लावून यायचा, पाण्याने भिजलेली चप्पल दारात काढायचा आणि “बेकी” म्हणून सुरुवात करायचा. एक गेली, दोन गेल्या, चार गेल्या, आठ लावल्या तेव्हा आली. मागच्या सगळ्या परत आणि वर एक गोळी. दुपारभरात मूठभर कमाई व्हायची. ती त्याने कागदाच्या पुडीत बांधून एकदा घरी नेली आणि बायकोच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याकडे वर आली.

“ताई, डॉक्टर बरे हाएत ना?” तिने विचारलं. “माझा नवरा गोळ्या जिंकून आनतोय आन् घरात मुंग्या झाल्यात.”

“लावतो का बाहेर?”

“न्हाई. ते खरं न्हाई सांगावं तर पाप लागंल. दुपारचं यायचं म्हनून टँकरच्या फेऱ्या सकाळीच उरकतोय.” मग आवाज खाली गेला. “पर गनपती आले, की डॉक्टर खरंच तसं सांगनार का वो?”

“सांगतील,” मी म्हणाले. खोटं बोलवेना. डॉक्टर सांगतीलच, हे मला माहीत होतं. दिलेला शब्द फिरवणं हेही त्यांच्या हिशेबात दुसऱ्यांदा केल्यासारखंच.

गल्लीत मांडवाचे वासे आले. मुलं ढोल घेऊन नदीकाठी सरावाला जाऊ लागली. मी कामाच्या मध्येच कागदावर आकडे मांडून बघायचे, इतक्या दिवसांत एकदा तरी हा बुडायला हवा होता. पण शक्यता काही दिनदर्शिका बघून येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? डॉक्टर चहा विसरू लागले. हात मांड्यांखाली न दाबता टेबलावर ठेवू लागले. कधीकधी टँकरवाल्याच्या आधी त्यांच्याच तोंडून “एकी” निघून जायचं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या बेटावर कसोटी सामना होता. शेवटचा दिवस. जिंकण्याची आशा संपलेली, म्हणून दोन फलंदाज सामना वाचवायला उभे राहिले होते. बॅट पुढे, पॅड पुढे, चेंडू मेला. असला रटाळ खेळ मी जन्मात बघितला नव्हता. षटकं येत होती आणि जात होती, धाव कुणालाच नको होती.

“बेकी,” टँकरवाला म्हणाला. मेडन. एक गोळी दुकानाला.

दोन लावल्या. मेडन. चार लावल्या, एक धाव निघाली, तीही चुकून. एकी. आठ, मेडन. सोळा, मेडन. तो हसत होता. बत्तीस त्याने मोजून काढल्या, त्याही गेल्या. पुढच्या वेळी मोजत बसायला नको म्हणून डॉक्टरांनी बाटलीच्या टोपणाने मापायचं ठरवलं. त्यानंतर तो बरणीच कलती करून ओतायला लागला, आणि हसणं थांबलं. टीव्हीवरचे प्रेक्षक पेंगत होते. मैदानात काही म्हणजे काही घडत नव्हतं, आणि इथे एक माणूस बुडत होता. बायकोचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, काढू नका रे धाव, एकही काढू नका.

पुढच्या दुपटीला पुरतील एवढ्या गोळ्या बरणीत राहिल्या नाहीत.

“डॉक्टर, उसन्या द्या,” तो म्हणाला. “पुढची येनारच.”

“दुकान उसनं देत नाही.”

“आवो, इतक्या येळा न्हाई आली, आता तर येनारच.”

“दिल्या असत्या तरी त्याही गेल्या असत्या,” डॉक्टर म्हणाले, आणि बोट टीव्हीकडे केलं. पुढची ओव्हर संपत होती. मेडन.

टँकरवाला बरणीच्या तळाकडे बघत बसला. मग त्याने तोंडावरून हात फिरवला. “म्हंजी एवढ्या दिसांचं,” तो म्हणाला, “येका दुपारी.” कपाळाला घाम आला होता. “माझा टँकर असा गेला असता.”

“गेलाच होता एक.”

त्याने फोनची बरणी उघडली, फोन काढला, आणि आमच्यासमोर काय काय पुसून टाकायचं ते पुसून टाकलं. मला रडूच यायला लागलं. मी उठून भांडी विसळायच्या निमित्ताने मोरीकडे वळले, आणि तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला.

“थांब. जागा बदलू. आता तू दुकान.”

मला वाटलं, गंमत करतायत. टँकरवाल्यालाही तसंच वाटलं. त्याने हसून ढीग आपल्याकडे ओढला आणि दोन मुठी डॉक्टरांसमोर ठेवल्या. “एकी,” डॉक्टर म्हणाले. मेडन. “एकी.” दोन धावा. “एकी.” ते षटक सुरू व्हायच्या आतच गोळ्या पुढे सारत होते. मुठी संपल्या. मग उठले आणि मागच्या फळीवरच्या औषधाच्या बाटल्या काढायला लागले, नावं लिहिलेल्या, कुणाच्या संधिवाताच्या, कुणाच्या दम्याच्या. टेबलावर बाटल्यांची रांग झाली. मेडन. आणखी रांग. इतक्या वर्षांत कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा न केलेला माणूस त्याच फळीकडे परत परत जात होता. गाल लाल झाले होते. वय उतरून गेल्यासारखे दिसत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“डॉक्टर,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही.

फळी रिकामी झाली तेव्हा त्यांनी खिशात हात घातला आणि दवाखान्याची किल्ली बाटल्यांपुढे ठेवली. साखरेच्या गोळ्यांच्या खेळात.

“आता येणारच,” ते म्हणाले. “किती वेळ नाही येणार?”

टँकरवाल्याचा चेहरा पांढरा पडला. आपलं स्वतःचं वाक्य कुणाच्या तोंडून ऐकतोय ते त्याला कळलं होतं. गोलंदाज धावत यायला निघाला होता. त्याने तो भला मोठा पंजा किल्लीवर ठेवला, दुसऱ्या हाताने टीव्ही बंद केला आणि म्हणाला,

“हाय तिथंच थांबा, डॉक्टर. म्या दुकान बंद केलंय.”

बाहेर मांडवाच्या वाशांवर कुणीतरी हातोडा घालत होतं. मग डॉक्टरांनी मान खाली घालून विचारलं, “वाजले किती?”

“चार होतायत.”

“पेशंट येतील. झाडून घ्यायला हवं.”

आम्ही तिघांनी मिळून गोळ्या झाडून गोळा केल्या. बाटल्या फळीवर लावताना टँकरवाला प्रत्येकीवरचं नाव वाचत होता आणि चुकीच्या जागी ठेवत होता.

मला पुढे कितीतरी दिवस एकच प्रश्न छळत होता. त्याला धडा बसावा म्हणून ते नाटक तर नव्हतं? मी एकदा धीर करून विचारलं. डॉक्टर पेनाला टोपण लावत म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

“नाटक.”

“मग तसंच धरा. तुम्हाला झोप लागेल.”

यावर माझं समाधान कसं व्हावं? मी टँकरवाल्याला विचारलं, कारण तो अजूनही यायचा. गणपती बसले, उठले, दिवाळी झाली, तरी एकच्या ठोक्याला टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा. टँकर तोच. बायको एकदा पेढे देऊन गेली होती आणि पेढे देताना जांभया देत होती, आता म्हणे दुपारचीही झोप येते.

“नाटक?” तो दारातच थांबला. “न्हाई ताई. त्ये त्वांड मी रोज आरशात बघत हुतो. त्यात मला कुनी फसवू शकत न्हाई.”

“मग आता तुम्ही कशाला येता? तुमचं तर बरं झालं.”

“माझं झालं,” तो म्हणाला. “त्यांचं ऱ्हायलंय न्हवं.”

नारायण पेठ सोडून मला आता काही वर्षं झाली. खडकवासल्याच्या बाजूला घर घेतलं, ते गळत नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेवटचा डबा घेऊन खाली गेले होते. टीव्हीवर कुठलातरी सामना चालू होता. दोघं शेजारी शेजारी बसले होते. डॉक्टरांचे हात मांड्यांखाली, टँकरवाल्याच्या शर्टाच्या खिशात दवाखान्याची किल्ली. रोज एक वाजता ती त्याच्याकडे जायची आणि चार वाजता परत यायची, हे मला तेव्हाच कळलं. नवीन षटक सुरू व्हायच्या बेतात होतं. डॉक्टर पडद्याकडे बघत हळूच म्हणाले,

“बेकी.”

टँकरवाल्याने घास तसाच हातात धरला. मान वळवली नाही.

“नुसतं म्हटलं,” डॉक्टर म्हणाले.

“नुसतं बी नगं,” तो म्हणाला, आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून त्याने डॉक्टरांच्या पुढे धरली. ती घ्यायला त्यांना हात मांडीखालून बाहेर काढावा लागला.